तीनचाकी स्कूटर आणि न जाणवणारा चटका

भिलाईच्या उन्हाळ्यात ‘इंजिन फार तापतं’ ही तक्रार कुणी मनावर घेत नाही. बाहेरच ४४ अंश असताना इंजिन थंड कसं राहणार, असं म्हणून मिस्त्री पुढच्या गाडीकडे वळतो. साध्या दुचाकीला हे उत्तर चालून जाईल. दिव्यांग माणसाच्या तीनचाकी स्कूटरला ते चालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रेक लागतो की नाही हे जसं आपण तपासून घेतो, तसंच या गाडीची उष्णता कुठे जाते हेही तपासून घेतलं पाहिजे. आज ते कुणीच तपासत नाही.

माझी सध्याची पोस्टिंग दुर्ग-भिलाईत, एनसीसीवर आहे. सुपेला, पॉवर हाऊस, सिव्हिक सेंटर या भागात रोज जाणं होतं आणि रोज अशा पाच-सहा स्कूटर दिसतात. साध्या गिअरलेस स्कूटरचं मूळ मागचं चाक तसंच ठेवून दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाड्यावर एकेक जादा चाक बसवतात. मोजायला गेलं तर चाकं चार होतात, पण लोक तिला तीनचाकीच म्हणतात. काहींच्या मागे व्हीलचेअर बांधलेली असते. चालवणाऱ्यांत पोलिओ झालेले आहेत, अपघातात पाय गमावलेले आहेत आणि माझ्या जवळचा विषय म्हणजे पाठीच्या कण्याला इजा झालेले माजी सैनिक आहेत.

त्यांतला एक गोंदियाकडचा, महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेला नायक. सुट्टीवर असताना रस्त्यावरच्या अपघातात कणा दुखावला आणि कमरेखालची संवेदना गेली. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात भर दुपारी तो तीनचाकीवरून औषधं आणायला गेला. वाटेत पायाला झटका आला, पाय फूटबोर्डावरून घसरून मागे गेला आणि पोटरी सायलेन्सरच्या नळीला टेकली. तो तसाच गाडी चालवत राहिला. पुढचं त्याच्याच शब्दांत सांगतो : “साहेब, पाय भाजला हे मले पायानं नाही सांगितलं, नाकानं सांगितलं.” नायलॉनचा मोजा वितळल्याचा वास आला तेव्हा त्याने खाली पाहिलं. ती जखम भरायला अडीच महिने लागले आणि तेवढे दिवस गाडी दारात उभी राहिली. ज्या माणसाचं घराबाहेर पडणं एकाच वाहनावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी अडीच महिने फार मोठे असतात.

आपल्याला चटका बसतो तेव्हा हात किंवा पाय आपोआप मागे जातो. विचार करायची वेळच येत नाही. कण्याला इजा झालेल्या माणसाच्या शरीरात हा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. त्वचा किती तापल्यावर किती वेळात भाजते, याचा मूलभूत अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. ६० अंशांच्या स्पर्शाला त्वचा भाजायला सुमारे पाच सेकंद पुरतात. ४४ अंशांना जवळपास सहा तास लागतात. म्हणजे धडधाकट माणूस ज्याला ‘जरा कोमट’ म्हणेल, तेही संवेदना नसलेल्या पायाला बराच वेळ टेकून राहिलं तर घातक ठरू शकतं. सायलेन्सरची नळी इंजिनाजवळ दोनशे अंशांच्या पुढे सहज जाते. तिथे सेकंद मोजायचीही सोय नाही.

दुसरी गोष्ट घामाची. इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची यंत्रणाच मोठ्या प्रमाणात निकामी होते. अशा माणसाला सीटखालून धग आणि डोक्यावर ऊन असा दुहेरी मारा झाला तर उष्माघात लवकर गाठतो. अशा रुग्णाला न जाणवणारी भाजल्याची जखमसुद्धा रक्तदाब एकदम धोकादायक पातळीवर नेऊ शकते. सीटवर उष्णता, ओल आणि दाब एकत्र आले की त्वचेला व्रण पडतात, आणि हे व्रण पॅराप्लेजिक माणसाचे जुने शत्रू आहेत. कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनाही भाजण्याचा धोका तितकाच आहे.

आता गाडीकडे येऊ. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण पाव भाग ऊर्जाच चाकांपर्यंत पोहोचते. बाकीची बहुतेक उष्णता होऊन इंजिनाच्या अंगावाटे आणि धुराबरोबर बाहेर पडते. मोटरसायकलचं इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होतं. स्कूटरचं इंजिन सीटखाली पत्र्याआड असतं, त्यामुळे त्याला स्वतःचा पंखा दिलेला असतो. तो बाजूच्या जाळीतून हवा ओढून इंजिनाच्या पात्यांवरून फिरवतो. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा हा हिशेब जुळलेला असतो. मग आपण तिला लोखंडी सांगाडा, दोन चाकं, दोन मडगार्ड आणि व्हीलचेअर लावतो. वजन वाढतं, वेग कमी होतो, इंजिनाला जास्त काम पडतं. त्यातच सांगाड्याची पट्टी किंवा मडगार्ड त्या जाळीला चिकटून बसवलं, तर पंखा बाहेर टाकलेलीच गरम हवा पुन्हा आत ओढतो. सायलेन्सर स्कूटर आणि बाजूच्या चाकाच्या मधल्या बोळात कोंडला जातो. बाजूची चाकं सरळ रेषेत नसतील तर टायर रस्त्यावर घासत राहतात आणि तो भारही इंजिनच ओढतं. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि तो काम करतो तेव्हा स्वतःच प्रचंड तापतो. त्यामुळे जुन्या स्कूटरवरचा अनुभव नव्या स्कूटरला तसाच लावता येत नाही.

उपाय काही अवघड नाहीत आणि बहुतेक स्वस्तही आहेत. पहिला, सायलेन्सरच्या नळीवर पत्र्याचं कवच. कंपनीचं असलं तरी ते बहुधा मागच्या भागापुरतंच असतं, पुढची नळी उघडी राहते. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून जाड वॉशर घालून असा बसवायचा की नळी आणि पत्रा यांच्यात बोटभर हवा राहील. पत्रा नळीला चिकटला तर तोही तेवढाच तापेल. मधली हवाच खरं काम करते. बाजारात नळीला गुंडाळायची काचतंतूची पट्टी मिळते. तिने धग कमी होते, पण पावसाळ्यात ती ओल धरून नळी गंजवते आणि तिच्यावर तेल सांडलं तर पेट घेऊ शकते. माझी पसंती पत्र्याला आहे.

दुसरा, पंख्याच्या जाळीपुढे मोकळी जागा. सांगाडा बसवतानाच मिस्त्रीला सांगा की जाळीसमोर किमान चार बोटं अंतर हवं. भिलाईच्या धुळीत ही जाळी आणि इंजिनाची पाती लवकर बुजतात, म्हणून उन्हाळ्याआधी ती साफ करून घ्या. तिसरा, सगळ्या चाकांतली हवा, चाकांची सरळ रेषा आणि ब्रेक कुठे धरून राहत नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहणं. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच आणि पूर्ण पातळीवर हवं. चौथा, पायांसाठी आडोसा. फूटबोर्डाच्या मागच्या कडेला उभा पत्रा किंवा जाळी लावा आणि पाऊल धरून ठेवणारा रुंद, मऊ पट्टा बसवा, म्हणजे झटका आला तरी पाय मागे जाणार नाही. पट्टा झटकन सुटणारा असावा. पाचवा, व्हीलचेअरवरून सीटवर येण्याची बाजू. सायलेन्सर बहुतेक स्कूटरना उजवीकडे असतो, म्हणून चढउतार डावीकडूनच करायची सवय ठेवा आणि घराची उतरंडही त्याच बाजूला करा.

सीटचं रेक्झिन उन्हात तापतं ते वेगळंच. पांढरं जाड सुती आवरण आणि डॉक्टरांनी दिलेली गादी, या दोन्ही गोष्टी हव्यात. गाडी सावलीत ठेवा, लांब थांबा असेल तर इंजिन बंद करा आणि मे महिन्यात शक्यतो अकरा ते चार बाहेर पडू नका. नायलॉनच्या मोज्यांऐवजी सुती मोजे आणि टाचेपर्यंत झाकणारे बूट घाला.

मोजमापाबद्दल थोडं. कोविडच्या काळात कपाळासमोर धरायचा तापमापक घरोघरी आला, पण तो शरीराच्या तापापुरताच असतो. यंत्रांसाठीचा इन्फ्रारेड तापमापक वेगळा मिळतो, त्यावर तीनशे अंशांपर्यंत सहज वाचता येतं. एक तापमापक चार-पाच जणांत पुरतो. भर दुपारी, नेहमीचं सामान लावून दहा किलोमीटर गाडी चालवा आणि थांबल्याबरोबर सीट, फूटबोर्ड, पोटरीजवळचा भाग आणि सायलेन्सरचं कवच इथले आकडे वहीत लिहा. जिथे शरीर सतत टेकलेलं असतं तिथे आकडा ४३ च्या पुढे गेला तर मध्ये थर वाढवा किंवा प्रवास लहान करा. जिथे चुकूनही पाय पोहोचू शकतो तिथे उघडा तापलेला धातू असूच नये. चमकदार ॲल्युमिनियमवर हा तापमापक प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथे काळी चिकटपट्टी लावून त्यावर मोजा.

रोज घरी आल्यावर आरसा घेऊन दोन्ही पाय आणि बैठकीची जागा पाहणं हाही याच शिस्तीचा भाग. खडकवासल्याला कॅम्प रोव्हरमध्ये आणि पुढे युनिटमध्ये लांब मार्चनंतर बूट काढून पाय तपासायची पद्धत आम्ही शिकलो. प्लाटून कमांडर स्वतः जवानांचे पाय बघतो, कारण फोड लपवणारा जवान दुसऱ्या दिवशी चालू शकत नाही. त्या तपासणीत कुणाला कमीपणा वाटत नाही. मग निवृत्तीनंतर तीच सवय का सोडायची?

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच लोकांकडून येतो. ‘फौजी माणूस एवढ्या तेवढ्याला कुरकुरत नाही.’ सोसण्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. पण सोसायला आधी जाणवावं लागतं. जो पाय काही सांगतच नाही, त्याच्या बाबतीत सहनशक्तीचा प्रश्नच येत नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले ईएमईचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. ते जिद्दीवर आलं, तसंच काटेकोर सरावावर आणि शरीराच्या देखभालीवरही आलं. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये १९७४ पासून आपल्या जवानांना हेच सांगितलं जातं : बाकीचं आयुष्य मोठं आहे, त्वचा जपा.

दुसरा आक्षेप, आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, मग इंजिनाची चर्चा कशाला? इलेक्ट्रिकने हा प्रश्न बराचसा सुटतो हे खरं. आयआयटी मद्रासने निओमोशनबरोबर विकसित केलेलं ‘निओबोल्ट’ व्हीलचेअरलाच पुढे जोडलं जातं आणि ताशी २५ किलोमीटरने जातं. सायलेन्सर नाही आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी बसण्याची कसरतही नाही. ज्याला परवडेल त्याने जरूर घ्यावं. पण ज्याच्या दारात पेट्रोलची स्कूटर उभी आहे, तो ती आणखी दहा वर्षं चालवणार आहे. त्याला आजच्या दुपारचा उपाय हवा.

माझी खरी मागणी व्यवस्थेकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘अडॅप्टेड व्हेईकल’, म्हणजे दिव्यांगांसाठी मुद्दाम बनवलेलं किंवा बदल केलेलं वाहन, अशी व्याख्या आली. जुन्या व्याख्येत फक्त खास बनवलेलं वाहन बसायचं, नुसता बदल केलेलं वगळलं जायचं. हा चांगला बदल होता. आता त्याच्या पुढचं पाऊल हवं. बदल केलेल्या गाडीची नोंद करताना चाकं घट्ट आहेत का हे पाहिलं जातं, त्याच वेळी सायलेन्सरला पूर्ण कवच आहे का, पंख्याची जाळी मोकळी आहे का आणि पाय अडवणारा आडोसा आहे का, या तीन गोष्टीही पाहाव्यात. पाच मिनिटांचं काम आहे. किट विकणाऱ्यांनी हे कवच किटबरोबरच द्यावं. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीतून माजी सैनिकाला अशी स्कूटर मिळते तेव्हाही हीच अट घालावी.

आणि भिलाईत तर ही गोष्ट कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली धमनभट्टी सुरू झाली. तेव्हापासून या गावाच्या कित्येक पिढ्या दीड हजार अंशांच्या वितळलेल्या लोखंडाशेजारी काम करत आल्या आहेत. तिथे भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्याला चमकदार कोट, हातमोजे आणि मुखकवच मिळतं, आणि ‘सोस जरा’ असं कुणी म्हणत नाही. निवृत्त फिटर, वेल्डर, फोरमन सेक्टरासेक्टरांत राहतात. पत्रा कुठे वाकवायचा आणि अंतर किती ठेवायचं हे त्यांच्या हातात बसलेलं ज्ञान आहे. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एवढीच विनंती : आपल्या गल्लीत कुणाकडे तीनचाकी असेल तर एका रविवारी सकाळी तिच्या सायलेन्सरकडे नजर टाका. पत्रा आणि चार वॉशर आमच्याकडून, कारागिरी तुमची.

जय हिंद!