चुंबकाचा कौल

पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. तेव्हा दिवाळी अंकात फाशांची गोष्ट काढली, तर ती अस्थानी ठरू नये.

विज्ञानातला एखादा शब्द कानावर पडला की तो उचलून पंचांगाला चिकटवणारा एक पंथ सध्या आमच्या कोकणात बोकाळला आहे. “गुरुजी, आता तुमचा संगणकसुद्धा दैवावर चालणार! चुंबक आपल्या मर्जीने उलटतो आणि त्यावरून गणित सुटते. मग आमच्या कौलाला नावे का ठेवता?” असे एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला भर सभेत विचारले. मी मॅट्रिक झालेला मास्तर. पण उत्तर द्यायला तेवढी विद्या पुरते.

हा चुंबक म्हणजे दोन चुंबकी थर आणि मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा पडदा. एका थराची दिशा पक्की, दुसऱ्याची मोकळी. दोन्हींची दिशा एक झाली की वीज सहज पार होते, उलट झाली की अडखळते. साठवणीसाठी हीच वस्तू अशी बनवतात की दिशा दहा-दहा वर्षे हलू नये. पण मोकळा थर पुरेसा लहान केला, की नित्याची उष्णताच त्याला इकडून तिकडे ढकलू लागते. फ्रान्सच्या लुई नेएल यांनी १९४९ मध्येच याचे गणित मांडले होते. यात मर्जी कोणाचीच नाही. आहे ती खोलीतली ऊब.

पुढची गोष्ट तर दैववाद्यांना मुळीच मानवणारी नाही. विजेचा दाब बदलला की या चुंबकाचा कल बदलतो. शंभरात पन्नास वेळा उजवीकडे वळणारा नव्वद वेळा वळू लागतो. शकुनीचे फासेच म्हणा, पण सर्वांदेखत भारलेले! जपानच्या तोहोकू विद्यापीठात, अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या सहकार्याने, असे आठ चुंबक एकमेकांना जोडून ९४५ चे अवयव काढले. ते वर्ष २०१९. प्रत्येकाचा कल बाकीच्यांच्या स्थितीवरून ठरत होता. चुकीच्या जुळणीत ते फार रेंगाळत नसत, योग्य जुळणीत पुन्हा पुन्हा येत. असंख्य उलथापालथींची मोजदाद झाली, तेव्हा कोठे ६३ गुणिले १५ हे उत्तर निघाले. (उगाच टिमकी नको, एवढे गणित साधा संगणकही पापणी लवायच्या आत करतो.) आणि ते ताडून पाहायला पाटीपेन्सिल पुरते.

कौल मात्र एकदाच लावायचा. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीचे शिक्षण दहावीनंतर असेच थांबले. मूर्तीची डावीकडची पाकळी पडली, संपले! “पुन्हा लावून पाहू,” असे मी म्हणालो, तर घरच्या वडीलधाऱ्यांना तो देवाचा अपमान वाटला. मुलगी दाराआड उभी होती. तिला कोणी विचारलेच नाही.

या दोन गोष्टी एक आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी एक वही घालावी. वर्षभरात किती कौल लागले, कोणत्या बाजूला लागले आणि पुढे काय घडले, ते तारीखवार लिहावे. त्या गृहस्थांना मी तेव्हाच तसे सुचवले होते. वही माझ्याकडून देतो, असेही म्हणालो. ती अजून माझ्या टेबलावर कोरीच पडून आहे.