प्रवास रुग्णाने का करावा?

१९५२ साली डॉ. वसंत खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली परळ येथे सुरू झालेले कर्करोग संशोधनाचे कार्य आज टाटा स्मारक केंद्राच्या छत्राखाली पनवेल तालुक्यातील खारघर येथे चालते. परंतु या ज्ञानाचा लाभ खेड्यातील रुग्णापर्यंत वेळेवर कसा पोहोचवावयाचा, हा प्रश्न वैद्यकाइतकाच अर्थव्यवस्थेचाही आहे. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, हे त्याचे बोलके उदाहरण होय.

रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करण्यासाठी काही लसिका पेशी स्वतःच्याच जनुकांचे तुकडे करून त्यांची फेरजुळणी करतात. ही क्रिया स्वाभाविक आहे. मात्र तीत क्वचित चूक होते. आठव्या गुणसूत्राचा तुकडा चौदाव्यास जोडला गेला की ‘मिक’ जनुक सतत जागृत राहतो आणि पेशी बेसुमार वाढतात. हा बर्किट लिम्फोमा. चौदाव्या व अठराव्या गुणसूत्रांत अदलाबदल झाली, तर मरावयास हवी ती पेशी मरतच नाही. फॉलिक्युलर लिम्फोमात बहुधा हेच आढळते. पहिल्या रोगात तातडीचे तीव्र उपचार अनेकांना बरे करतात, तर दुसऱ्यात काही रुग्णांना दीर्घकाळ केवळ देखरेखही पुरते. रोगाचा प्रकार ओळखण्यात चूक झाली, तर औषध, पैसा आणि मुख्य म्हणजे वेळ वाया जातो.

गुणसूत्रांची ही अदलाबदल दाखविणाऱ्या चाचण्या महाग आहेत, साध्या तापाच्या औषधांची जेथे वानवा तेथे ही चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो वरवरचा आहे. यंत्रसामग्री व प्रशिक्षित तंत्रज्ञ यांचा खर्च दहा नमुन्यांसाठी आणि हजारांसाठी जवळपास तेवढाच असतो. नमुने वाढतील तसा दर नमुन्यामागील खर्च उतरतो. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात प्रयोगशाळा उभारण्याची गरज नाही. गाठीचा तुकडा मेणात जतन करून दूरवर धाडता येतो. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने रुग्णालये परस्परांशी जोडली आहेतच. नमुन्यांच्या वाहतुकीची आणि चाचणीच्या खर्चाची हमी शासनाने घ्यावी.

सरकारी मदतीचा हिशेब रुग्ण खाटेवर आल्यानंतर सुरू होऊन भागणार नाही. अचूक निदान हा उपचाराचाच पहिला भाग आहे. त्यासाठी कुटुंबाला जमीन गहाण टाकावी लागत असेल, तर विज्ञानाची प्रगती त्याच्या दारापर्यंत आली, असे म्हणता येणार नाही.