पाऊस, उशीर आणि छिन साम्राज्य

मंडळी, नुसत्या उशिरापायी एखादं साम्राज्य बुडू शकतं का? चीनमधली ही प्रसिद्ध गोष्ट बघा. इ.स.पू. २०९ मध्ये सीमेवर पहाऱ्याला निघालेली ९०० माणसं वाटेत पावसात अडकली. वेळेवर पोचणं अशक्य आणि उशिराला शिक्षा मृत्युदंडाची. त्यातल्या चेन शंग आणि वू ग्वांगने हिशोब केला... गेलो तरी मरण, बंड केलं तरी मरण. मग बंडच करू! आणि इ.स.पू. २०६ पर्यंत छिन घराणं खलास.

तात्पर्य काय, तर कडक कायदे वाईट. पण थांबा. ही गोष्ट लिहिली सिमा छियानने, शंभराहून जास्त वर्षांनी, आणि तीही छिनच्या जागी आलेल्या हान घराण्याच्या दरबारात. १९७५ साली शुइहूदी इथे एका छिन अधिकाऱ्याच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले कायदे सापडले. त्यात सरकारी वेठीला तीन ते पाच दिवस उशीर झाला तर फक्त कानउघाडणी, सहा ते दहा दिवसांना एका ढालीचा दंड, आणि पाऊस आडवा आला तर काम चक्क रद्द! हा नियम वेठीचा, सीमेवरच्या पहाऱ्याचा नाही, हे मान्य. पण अशी तरतूद करणारं सरकार अगदीच बिनडोक नव्हतं.

शिवाय याच शिस्तीने छिन मोठे झाले. इ.स.पू. चौथ्या शतकात शांग यांगने खानदानापेक्षा रणांगणावरच्या कामगिरीला पद दिलं. पुढे इ.स.पू. २३० ते २२१ या काळात उरलेली सहा राज्यं जिंकली. मग एक लिपी, एक वजनमाप, गाड्यांच्या आसाची लांबीसुद्धा एकच. आपल्या भाषेत, स्टँडर्डायझेशन.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते, वाईट बातमी वर पोचायची सोयच उरली नाही. इ.स.पू. २१० मध्ये दौऱ्यावर असताना सम्राट वारला, तर मंत्री ली सू आणि चाओ गाओने ते लपवलं. प्रेताचा वास कळू नये म्हणून खारवलेल्या माशांची गाडी सोबत ठेवली म्हणे! थोरल्या राजपुत्राला आत्महत्येचा खोटा हुकूम गेला. 'आधी खात्री करून घ्या' असं सेनापती मंग थियान सांगत होता, पण हुकुमावर प्रश्न विचारायची सवयच नव्हती. राजपुत्राने जीव दिला. नव्या सम्राटाला एकाने बंडाची खरी बातमी दिली, त्याला तुरुंग. पुढचे शहाणे झाले. 'किरकोळ चोर आहेत, पकडतोय' म्हणाले, आणि महाराज खूश. (हेही सिमा छियानच सांगतो, पण मला यात तथ्य वाटतं.)

गंमत म्हणजे हानांनी छिनचे बरेच कायदे आणि कारभाराची घडी तशीच ठेवली आणि मधला एक खंड सोडला तर जवळजवळ ४०० वर्षं राज्य केलं. त्यांचा संस्थापक ल्यू बांग उघडपणे सांगायचा की डावपेच, कारभार आणि लढाई या तिन्हीत माझे तीन सहकारी माझ्यापेक्षा सरस आहेत.

तेव्हा सगळा दोष नियमांच्या माथी मारू नये. एखादी संस्था किती टिकेल हे बघायचं असेल, तर तिथे 'साहेब, हे जमत नाहीये' म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं ते आधी बघा.