यादीत नसलेली गोष्ट

धाकट्या भावाशी मी आजवर दोनदाच कडाकडा भांडलोय. एकदा शाळेत असताना, बॅटवरून. आणि दुसऱ्यांदा दोघंही चांगले कमावते झाल्यावर, मोबाईलवरून. पहिल्या भांडणात चूक त्याची होती. दुसऱ्यातही त्याचीच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. असो. आज ते एकदाचं लिहून टाकतो.

२२ ऑगस्ट २००८ ला आयफोन ३जी भारतात आला. एअरटेल आणि व्होडाफोन विकणार होते. आठ जीबीचा ३१,००० ला आणि सोळाचा ३६,१०० ला. अमेरिकेत हाच फोन १९९ डॉलरला, म्हणून इकडे बरीच बोंबाबोंब झाली. (तिथे त्यासोबत दोन वर्षांचा करार गळ्यात पडायचा, हे बोंब मारणारे सांगत नसत. मीही सांगत नसे.) आणि त्या दिवाळीत धाकटा आठ जीबीवाला फोन खिशात घालून घरी आला. एकतीस हजार! आमच्या वडिलांनी आयुष्यभर मास्तरकी केली, निवृत्त होताना त्यांच्या हातात महिन्याला किती पडत होते ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी त्याला ऐकवलं. भरपूर ऐकवलं. "कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, त्याला फ्लॅश नाही. व्हिडिओ निघत नाही. एमएमएस जात नाही. ब्लूटूथ आहे, पण त्यावरून साधा फोटो पाठवता येत नाही. कार्ड घालता येत नाही. बॅटरी काढता येत नाही. लिहिलेलं कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येत नाही. मग एकतीस हजार कशाचे? सफरचंदाचे?" तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, यात चुकीचं काय बोललास? तोच तर घोळ आहे. यातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता.

पुढच्या वर्षी मलाही नवा फोन हवा होता, आणि टचस्क्रीनच हवा होता. (हे तेव्हा कबूल केलं नाही. "आता सगळे टचच येतात" असं काहीतरी म्हणालो.) २ ऑक्टोबर २००८ ला नोकियाने ५८०० एक्स्प्रेसम्युझिक जाहीर केला होता, तेव्हापासून त्यावर डोळा होताच. रीतसर वहीच्या पानाचे दोन रकाने केले. डावीकडे आयफोन ३जी, उजवीकडे ५८००. कॅमेरा दोन विरुद्ध ३.२ मेगापिक्सेल, वर कार्ल झाइसची लेन्स आणि फ्लॅश. पडदा ४८० बाय ३२० विरुद्ध ६४० बाय ३६०. एफएम रेडिओ: नाही, आहे. व्हिडिओ: नाही, आहे. समोरचा कॅमेरा: नाही, आहे. खोक्यातच आठ जीबीचं कार्ड. बॅटरी संपली तर खिशातली दुसरी घाला. आणि हे सगळं वीस हजारांच्या आत! तपकीर गल्लीतून फोन घेतला आणि विजयी वीरासारखा रिक्षाने घरी आलो.

फोन छानच होता, हे मुद्दाम सांगतो. सकाळी फिरायला जाताना रेडिओ, रात्री ऑपेरा मिनी. त्यात एक सेटिंग बदललं की मराठी पानं ऑपेराच्या सर्व्हरवर तयार होऊन अक्षरांच्या चित्रांच्या रूपात फोनवर यायची. हळूहळू यायची, जास्त डेटा खायची, पण जोडाक्षरं नीट दिसायची. त्या इवल्याशा पडद्यावर मी किती मराठी वाचलं असेल, देव जाणे.

पण रोज वापरताना एक गोष्ट जाणवायची. ५८०० चा पडदा दाबाचा होता. वरचा लवचिक थर बोटाने दाबला की खालच्या थराला टेकतो आणि फोनला जागा कळते. म्हणून तो नखाने चाले, सोबतच्या काडीने चाले, हातमोजे घालूनही चाले. आयफोनचा पडदा दाब ओळखतच नाही. आपल्या कातडीतून वीज वाहू शकते, तिचा नुसता स्पर्श त्याला पुरतो, आणि एका वेळी दोन बोटंही कळतात. माझ्या यादीत या दोन्हींसमोर एकच शब्द होता: 'टचस्क्रीन'. बरोबरी! आतलं सॉफ्टवेअरही तसंच. सिम्बियन मुळात बटणांच्या फोनसाठी वाढलेली, त्यावर नंतर स्पर्शाची शाल पांघरलेली. मेनूतल्या चिन्हावर एकदा टिचकी मारली की ते उघडे, पण यादीतली ओळ एका टिचकीने नुसती निवडली जाई, उघडायला दुसरी लागे. का? कारण बटणांच्या जमान्यात ओळीवर आधी जावं लागे आणि मग ओके दाबावं लागे. हे सगळं मला दिसत होतं. पण वहीतलं पान फाडायची तयारी नव्हती.

मग आली २००९ ची दिवाळी. सगळे घरी जमलेले. धाकट्याने वडिलांच्या शाळेतल्या एका जुन्या फोटोचा फोटो काढून फोनवर ठेवला होता. शिक्षकांचा ग्रुप फोटो, तीन रांगा, वडील मागच्या रांगेत. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, तरी बारीक दिसायची मारामारच. त्यांचा आणि मोबाईलचा संबंध हिरव्या आणि लाल बटणापुरता. धाकट्याने फोन त्यांच्या हातात दिला आणि नुसतं म्हणाला, "दादा, दोन बोटं ठेवा आणि लांब करा."

त्यांनी केली. मागच्या रांगेतला एक चेहरा सरसर मोठा झाला. वडील बघतच राहिले. मग हळूच बोटं सरकवून शेजारचा चेहरा. मग त्याच्या शेजारचा. प्रत्येकाचं नाव, विषय, गाव. कोण उत्तम फळा लिहायचं, कोण पगाराच्या दिवशी सगळ्यांना भजी खिलवायचं... अर्धा तास एकटे बोलत होते. कुणीही त्यांना काही शिकवलं नव्हतं.

माझ्याही फोनवर फोटो मोठा करता यायचा. पण त्यासाठी पडद्यावर झूमचं चिन्ह शोधावं लागे, आणि वडिलांनी ते शोधलं नसतं. त्यांनी फोन सभ्यपणे मला परत दिला असता.

तेव्हा मी दोन शब्द बोलायला हवे होते. बोललो नाही. जे बोललो ते पुढे येईलच.

त्यानंतरचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनचा रस्ता धरला आणि सिम्बियन पोरकी झाली. २०१४ च्या सुरुवातीपासून तिच्यासाठी नवी ॲप्स घेणं थांबलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि नोव्हेंबरमध्ये चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला. हजारो लोकांची नोकरी गेली. २०१९ मध्ये ती जागा सॅलकॉम्प घेणार असल्याचं जाहीर झालं, जी आयफोनसाठी चार्जर बनवते. असा योगायोग कथेत घातला तर वाचक म्हणतील, लेखक फारच ओढूनताणून लिहितो.

मग पर्याय निवडणारे आम्ही मूर्ख ठरलो का? अजिबात नाही, आणि इथे मी अजूनही भांडायला तयार आहे. जून २००९ मध्ये आयफोनला कॉपी-पेस्ट आलं, एमएमएस आलं. त्याच महिन्यात आलेल्या ३जीएसला व्हिडिओ आला. २०१० मध्ये आयफोन ४ ला फ्लॅश आणि समोरचा कॅमेरा आला. २०१४ मध्ये मोठा पडदा आला. हे सगळं आधी दुसऱ्यांच्या फोनमध्ये होतं आणि लोक पैसे मोजून ते घेत होते. सगळेच एका रांगेत उभे राहिले असते तर रांगेच्या तोंडाशी बसलेल्याला घाई कसली? दुसरं दुकान चालू राहणं पहिल्या दुकानातल्या गिऱ्हाईकाच्याही फायद्याचं असतं.

माझी चूक वेगळी होती. त्या वहीतल्या दोन रकान्यांत मी नोकिया कमी आणि धाकट्याला जास्त मोजत होतो. तो उधळ्या, मी शहाणा. एकदा असं ठरवून यादी करायला बसलं की यादीत तेवढंच उतरतं जे आपल्या बाजूचं असतं, आणि ते खरं असल्यामुळे आपली खात्रीच पटते. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं. वडिलांची दोन बोटं कुठल्या रकान्यात लिहिणार होतो मी?

आजही नवा फोन घेताना पोरं मला तक्ते दाखवतात. इतकी रॅम, इतके मेगापिक्सेल, समोरचा कसा फसलाय बघा. मी म्हणतो, घ्या बाबांनो, जरूर दुसरा घ्या. फक्त तो का आवडला ते समोरच्या फोनचं नाव न घेता एकदा सांगून बघा. सांगता आलं तर डोळे मिटून घ्या.

आता शेवटचं. वडील जाऊन काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात ५८०० चं ते आठ जीबीचं कार्ड सापडलं. रीडरमध्ये घातलं, चालू झालं. (कार्ड काढता येतं, हा मुद्दा होताच माझ्या यादीत.) त्यात त्या दिवाळीचा एक व्हिडिओ आहे. वडील आयफोनवर बोटं फिरवताहेत, नावं घेताहेत. धाकट्याच्या फोनवर व्हिडिओ निघत नव्हता, म्हणून तो माझ्या फोनने काढलेला. नाहीतर आज त्यांचा तो आवाज आमच्याकडे नसता.

आणि त्याच व्हिडिओत, वडील ऐन रंगात आलेले असताना, मागून माझा आवाज येतो: "हो, पण ब्लूटूथवरून पाठवता येतो का तो फोटो?"

व्हिडिओ धाकट्याला पाठवला. मागचा आवाज कापता आला असता, पण कापला नाही. त्याने तो बघितला आणि एवढंच लिहिलं, "दादांचा आवाज किती स्वच्छ आलाय रे. फोन चांगला होता तुझा."