खांदेरीचें बेट आणि सासूबाईंचें माहेर

येलदरीच्या धरणाचें अफाट पाणी नित्य पाहणाऱ्या आमच्या मुलांस समुद्राचें नवल तें काय वाटणार, असें आम्हांस वाटे. परंतु गेल्या माघांत सहकुटुंब अलिबागेस जाणें झालें, आणि थळच्या किनाऱ्यावरून होडीनें आम्ही खांदेरीस निघालों, तेव्हां पहिल्याच लाटेसरशी सगळीं मुलें चिडीचूप झालीं. सासूबाई तेवढ्या स्थिर बसल्या होत्या.

बेट लहानसें. सभोंवार तट, कोळ्यांच्या नवसाचा वेताळ, १८६७ सालीं उभारलेलें दीपगृह, आणि ठोकल्यास धातूसारखी वाजणारी एक शिळा. तिच्याजवळ बसून मुलांच्या वडिलांनीं इतिहास सांगितला. १६७९ च्या पावसाळ्यांत शिवाजीमहाराजांनीं मायनाक भंडाऱ्यास हें बेट बांधावयास धाडिलें. मुंबईच्या तोंडाशीं मराठ्यांचें ठाणें इंग्रजांस खपेना. त्यांनीं गलबतें आणून बेटाची नाकेबंदी केली. पण मोठीं गलबतें पडलीं वाऱ्याच्या स्वाधीन. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीं वल्हीं मारीत निसटत आणि सामान पोंचवीत. ऑक्टोबरांत उघड लढाई झाली. इंग्रजांचें ‘डव्ह’ गलबत मराठ्यांच्या हातीं लागलें. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं नाद सोडला. २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीहि आहे.

“पण वल्हीं मारणाऱ्यांचीं नांवें काय होतीं?” धाकट्यानें विचारलें. कोणासच सांगतां येईना.

सासूबाई हळूच म्हणाल्या, “लिहून ठेवल्यावांचून नांवें कशीं राहतील, बाळा? माझें माहेरहि पाण्याखालींच आहे कीं.”

आम्ही चपापलों. पूर्णेवरील आमचें धरण १९६८ च्या सुमारास पुरें झालें. ज्या पाण्याच्या कांठीं आम्ही सायंकाळीं फिरावयास जातों, त्याच्या तळाशीं त्यांचें तुळशीवृंदावन आहे. आणि इतकीं वर्षें एका घरांत नांदूनहि आम्हीं त्यांस कधीं कांहीं विचारलें नव्हतें!

घरीं येतांच थोरलीनें वही काढली. आतां दिवेलागणीनंतर सासूबाई सांगतात आणि मुलें लिहितात: आळ्या, आड, मारुतीचा पार, शेजारणी. सतरा घरें झालीं. परवां अठराव्या घरच्या सुनेचें नांव त्यांस कांहीं केल्या आठवेना. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मुलांनीं तेथें जागा कोरी ठेविली आहे.

वाचकहो, दूरचे किल्ले अवश्य पाहावे. पण घरच्या वडीलधाऱ्यांस त्यांचें गांव विचारण्यास उशीर करूं नये.