वयाच्या नावावर खपवलेली भीती

मुलाची लोकल कळव्याला उशिरा पोचली की आजी दहादा फोन लावतात, गॅसचं बटण पुन्हापुन्हा चाचपतात, रात्री छातीत धडधडतं म्हणून उठून बसतात. ईसीजी नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’ आम्हाला हे मुळीच मान्य नाही. सहा-सहा महिने न हटणारी, रोजचं जगणं अडवणारी चिंता हा आजार आहे आणि समुपदेशनाने, औषधाने तो आटोक्यात येतो. आधी थायरॉइड तपासून घ्यावं. झोपेच्या गोळ्या मात्र परस्पर देऊ नयेत. या वयात त्यांनी तोल जातो, हाडं मोडतात. दवाखान्यात जायला आजी तयार नसतील, तर २०२२पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं. तो फोन आजच लावून द्या.