चुका काढणारी मुलगी

गेल्या महिन्यात पुतणीला पाहायला मंडळी आली होती. चहापोहे झाले आणि मुलाच्या आत्याबाईंनी विचारलं, "म्हणजे तू प्रोग्रॅम लिहीत नाहीस? दुसऱ्यांच्या चुका काढतेस?" पोरगी पुण्यात सीनियर ऑटोमेशन टेस्टर आहे. हसली आणि गप्प बसली. स्थळ पुढे सरकलं नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, पण आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले. ते वाक्य मला लागलं.

खरं सांगायचं तर तिचं काम मलाही कळलं ते मोटार जळाल्यावर. आमची विहीर उसाच्या पल्याड. लाईट रात्रपाळीची, आणि जुन्नर-आंबेगावात रात्री उसात कोण बसलेलं असतं ते सांगायला नको. म्हणून मोबाईलवर चालणारा ऑटो बसवला. एका रात्री लाईट तीन-चारदा गेली-आली, शेवटी एक फेज आलाच नाही, तरी ऑटोने मोटार चालू केली. मोबाईलवर निरोप, 'मोटार सुरू'. सकाळी वाइंडिंग काळंठिक्कर!

पुतणी म्हणाली, "नाना, एक फेज काढून त्यांनी पाहिलं असेल. पण लाईटची ये-जा चालू असतानाच फेज गेला तर? ते राहिलं असणार." तिच्याकडे अशा डब्याला रिले जोडतात आणि तिचा प्रोग्रॅम रात्रभर निरनिराळ्या क्रमाने वीज घालवतो-आणतो. (म्हणजे प्रोग्रॅम तीही लिहितेच की, आत्याबाई!) डबा काय सांगतो त्यावर विश्वास नाही, मोटारीत खरोखर करंट किती जातो ते मोजायचं.

खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश आपण विज्ञानदिनी पाहून येतो. अशा ३० आहेत. वारा वाढला की एवढं धूड आकाशाकडे तोंड करून उभं करावं लागतं. "अशा यंत्राची चाचणी घ्यायला वादळाची वाट बघायची नसते," ती म्हणाली, "वाऱ्याचा खोटा आकडा द्यायचा." १९९६ साली युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. एरियन-४ मधला प्रोग्रॅम त्यात तसाच घातला होता. नव्या रॉकेटच्या वेगाचे आकडे देऊन तो कुणी चालवून पाहिलाच नव्हता.

माझ्या वर्गात एक मुलगा नवाचा पाढा घडाघडा म्हणायचा. मी पास केला. पुढे एकदा सहज विचारलं, "नऊ सत्ते?" तर बोटं मोजत बसला. चूक त्याची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. यंत्र हजार वेळा तपासेल हो, पण काय विचारायचं ते कुणाला तरी सुचावं लागतं. ते सुचणाऱ्या माणसाला आपण दुय्यम का समजतो?

असो. मोटार मंचरहून भरून आणली आहे. ऑटो अजून कपाटातच आहे. दिवाळीला पुतणी येईल, तो तपासेल, मगच लावू. तोवर रात्री बॅटरी आणि काठी घेऊन दोघं-दोघं जातो.